बारा पानांचा दरबार

सावंतवाडीच्या राजवाड्यात, मोती तलावाच्या काठी, दरबार हॉलमध्ये कारागीर मांडी घालून गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवत बसलेले दिसतात. तळहातावर मावणारं गोल पान, खारीच्या केसांचा कुंचला आणि त्याच्या टोकाने ओढलेली रामाच्या धनुष्याची दोरी. हात हलला तर ती दोरी पुसता येत नाही.

कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, दगडाने घोटायचं, मग रंग आणि शेवटी लाखेचा हात. नक्षीदार कड असेल तर संच दरबारी, साधी असेल तर बाजारी. संचाचा दर्जा कडेवर ठरतो, ही गंमत मला फार आवडते.

खेळ मुळात परदेशी. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मुघली संच आठ रंगांचा, 96 पानांचा. आपल्याकडे त्याच चौकटीत दशावतार बसले आणि पानं 120 झाली. प्रत्येक रंगात बारा पानं: एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. राजा मखरात बसलेला, प्रधान घोड्यावर. मत्स्याच्या पानांवर मासे, परशुरामाच्या पानांवर परशू, रामाच्या पानांवर बाण.  इथे राजे म्हणजे अवतारच.

पुढे खेळणारे उरले नाहीत, तसे रंगवणारेही विरळ झाले. तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफा रंगवणाऱ्या वयोवृद्ध पुंडलिक चितारींना गाठलं, त्यांच्याकडून काम समजून घेतलं आणि वाड्यातच कारखाना उभा केला. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं-खेळणी गिऱ्हाइकांमुळे टिकली होती. गंजिफांना राजघराण्याचाच आधार लागला.

आता बहुतेक संच फ्रेममध्ये जातात. पण खेळायला बसून पानं तिघांत वाटली तर प्रत्येकाच्या हातात 40 पानं येतात, आणि गोल पानांचा एवढा पंखा धरणं ही वेगळीच कसरत. हुकूम नाही. पडलेली पानं लक्षात ठेवण्यावर सगळा खेळ. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल तो डाव उघडतो, रात्री कृष्णाचा. तेव्हा संच घेतलात तर आधी 120 मोजून घ्या आणि बसण्यापूर्वी खिडकीबाहेर एकदा बघा.