नमुन्याचें नाणें मालिकेंत बसवावें काय?

गेल्या गणेशोत्सवांत ओवे येथील आमच्या वडिलोपार्जित घरीं सारें कुटुंब जमलें असतां एका लहानशा लांकडी पेटीवरून जो वाद माजला, तो चांगला तीन दिवस पुरला. नाणीं जमविण्याचा नाद असलेलें एखादें माणूस बहुतेक घरांत निघतेंच. तेव्हां आमच्या घरचा हा तंटा वाचकांपुढें मांडण्यास हरकत नाहीं, असें वाटतें.

पेटी आमच्या आजोबांची. ते पनवेलीस कचेरींत कारकून होते. १९३६ सालच्या उन्हाळ्यांत त्यांनीं गांवच्या सुताराकडून ती करवून घेतली. आंत सागवानी फळ्यांचे चार कप्पे, फळ्यांवर रुपयाच्या मापाचे वाटोळे खळगे, आणि प्रत्येक खळग्याखालीं आजोबांच्या बाळबोध अक्षरांत राजाचें नांव व साल. चौथा विल्यम, व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पांचवा जॉर्ज अशी ती ओळ चालते. पेटी झाली त्या वेळीं गादीवर आठवा एडवर्ड होता. त्याचाहि रुपया लौकरच हातीं येईल या खात्रीनें आजोबांनीं त्याच्या नांवाचाहि खळगा कोरवून ठेवला. पुढें २० जानेवारीस गादीवर आलेल्या या राजानें त्याच वर्षाच्या ११ डिसेंबरास राज्य सोडलें, आणि त्याच्या नांवाचा रुपया हिंदुस्थान सरकारनें कधीं चलनांत आणलाच नाहीं. सहाव्या जॉर्जचे रुपये निघाले तेव्हां आजोबांना फळीच्या कांठाशीं स्वतःच्या हातानें नवे खळगे टोकरावे लागले. ते किंचित् वांकडे आहेत. अगदीं शेवटच्या खळग्यांत १९४७ चा वाघाच्या छापाचा निकेलचा रुपया बसला आहे. आठव्या एडवर्डचा खळगा मात्र जवळजवळ नव्वद वर्षें रिकामा.

वादाचें निमित्त असें झालें कीं, आमच्या थोरल्या पुतण्यास एका विक्रेत्यानें 'आठव्या एडवर्डचा १९३६ चा नमुन्याचा रुपया' देऊं केला. किंमत त्याच्या मुलीच्या कॉलेजच्या वर्षाच्या फीइतकी. पुतण्याचें म्हणणें, "आजोबांची इच्छा राहून गेली आहे, ती आपण पुरी करूं." थोरल्या काकांचें म्हणणें, "जें नाणें बाजारांत कधीं आलें नाहीं, तें या ओळींत बसवणें म्हणजे पेटीकडून खोटें बोलवणें."

नमुन्याचें नाणें म्हणजे काय, हें येथें सांगितलें पाहिजे. नवें नाणें काढावयाचें ठरलें म्हणजे टांकसाळींतील कारागीर एक किंवा अनेक ठसे कोरतात, त्यांवरून मोजकीं नाणीं पाडतात, कधीं निरनिराळ्या धातूंत पाडतात, आणि तीं मंजुरीसाठीं वरिष्ठांपुढें ठेवतात. एक छाप पसंत पडतो, बाकीचे बाजूस पडतात. ह्या बाजूस पडलेल्या नाण्यांची गोडी कांहीं कमी नाहीं. इंग्लंडांत प्रत्येक नव्या राजाचें तोंड आधींच्या राजाच्या उलट दिशेस असावें, असा रिवाज आहे. पांचव्या जॉर्जचें तोंड डावीकडे होतें. तेव्हां एडवर्डचें उजवीकडे यावयास पाहिजे होतें. पण त्यानें हट्टानें डावीच बाजू मागितली, आणि त्याच्या नमुन्याच्या नाण्यांवर तीच आहे. पुढें सहाव्या जॉर्जनें, मधल्या भावानें रिवाज पाळलाच होता असें धरून, आपलेंहि तोंड डावीकडेच ठेवलें! राजवाड्यांतील हा रुसवाफुगवा चलनी नाण्यांवरून कोणास कळला असता? अशा नाण्यांची किंमतहि तशीच : १९३७ साल घातलेला एडवर्डचा एक सोन्याचा सॉव्हरिन २०२० च्या जानेवारींत दहा लक्ष पौंडांस विकला गेला.

मग अशा नाण्याला मालिकेंत जागा कां नको? पुतण्यानें अमेरिकेचा दाखला काढला. १८५६ सालचा 'उडत्या गरुडा'चा सेंट हा वस्तुतः नमुनाच. लहान आकाराचा नवा सेंट कसा दिसेल हें कायदेमंडळाच्या सभासदांस दाखविण्यासाठीं तो पाडला; चलनी सेंट निघाला १८५७ त. तरी तेथील संग्राहकांच्या आल्बमांत १८५६ ला घर असतें आणि तें भरल्याशिवाय संच पुरा मानीत नाहींत. दाखला खरा आहे. पण त्याच अमेरिकेंत छापल्या गेलेल्या क्राउझेच्या प्रसिद्ध सूचींत प्रत्येक देशाचीं चलनी नाणीं एका अनुक्रमानें आणि नमुने 'पीएन' असें निराळें चिन्ह लावून वेगळे दिले आहेत, ही गोष्ट काकांनीं लगेच दाखवून दिली. संवयीनें एका नमुन्यास घरांत घेतलें म्हणून सर्वांस दार उघडें होत नाहीं.

आमच्या वहिनींनीं मात्र काकांनाच पेंचांत धरलें. आजोबांच्या पेटींत १९११ चा रुपया आहे. त्यावर पांचव्या जॉर्जच्या वस्त्रावरील हत्ती सोंड आखूड पडल्यामुळें डुकरासारखा दिसे. त्यावरून मुसलमान प्रजेंत असंतोष झाला; सुमारें चौऱ्याण्णव लक्ष रुपये पाडले होते त्यांपैकीं सात लक्षच बाहेर पडले, बाकीचे आटवून टाकले, आणि १९१२ त हत्ती सुधारला. "सरकारनेंच परत घेतलेला रुपया तुमच्या ओळींत चालतो, मग हा कां नाहीं?" वहिनींचा प्रश्न बिनतोड वाटला. पण विचार करतां उत्तर सांपडतें : तो रुपया फसला खरा, तरी लोकांच्या हातांत गेला होता; कोणीतरी त्याचे दाणे घेतले, कोणीतरी त्याची मोड मागितली. नमुना कारखान्याच्या उंबरठ्याबाहेर पडत नाहीं. क्वचित् पडतोहि. एडवर्डच्या बाराकोनी पितळी तीन पेन्सचे थोडेसे नमुने यंत्रें बनविणाऱ्यांकडे चाचणीस दिले होते, ते सारे परत आले नाहींत. परंतु चुकून सुटलेलें वासरूं आणि बाजारास नेलेलें वासरूं यांत अंतर आहेच.

आमचें मत विचाराल तर आम्ही काकांच्या बाजूचे. नमुन्यांसाठीं पेटींत निराळा कप्पा करावा, खुशाल करावा. राज्यकर्त्यांच्या मनांत काय होतें तें तो कप्पा सांगेल. पण ओळीनें काय सांगावयाचें तें ठरलेलें आहे : लोकांच्या कनवटीला काय होतें.

इतकें झाल्यावर पुतण्यानें विक्रेत्यास त्या रुपयाचा सूचींतील क्रमांक विचारला. उत्तर आलें त्यांत आरंभींच 'एक्स' अक्षर होतें. हें चिन्ह नमुन्याचेंहि नव्हे. खाजगी लोकांनीं हौसेखातर पाडलेल्या वस्तूंचें. एडवर्डच्या नांवाचीं अशीं नाणीं तो गादीवरून उतरल्यावर कित्येक वर्षांनीं, साम्राज्यांतील निरनिराळ्या देशांच्या नांवांनीं पाडून विकलीं गेलीं आहेत. म्हणजे ज्या वस्तूवरून आम्ही तीन दिवस भांडलों, ती कोणत्याच टांकसाळींतून निघाली नव्हती. खऱ्या नमुन्यांतहि सांवधगिरी लागतेच. मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींनीं जुने ठसे जपून ठेवून, हौशी लोकांसाठीं त्यांवरून मागाहून नाणीं पाडून दिलेलीं आहेत. साल जुनें, चांदी नवी. पैसे वांचले म्हणून पुतण्याचा चेहरा उजळला कीं फसतां फसतां राहिलों म्हणून पडला, हें आम्हांस अजून उमगलें नाहीं.

खऱ्या चलनांत एडवर्डचें नांव आपल्या देशांत आलेंच नाहीं, असें मात्र नाहीं. कच्छ संस्थानचे महाराव तिसरे खेंगारजी आपल्या कोऱ्यांवर एका बाजूस बादशहाचें नांव फारसी लिपींत घालीत, दुसऱ्या बाजूस आपलें नागरींत. विक्रम संवत् १९९२ व १९९३ च्या त्यांच्या कोऱ्यांवर आठवा एडवर्ड आहे. भुजच्या टांकसाळींत त्या पाडल्या आणि कच्छच्या बाजारांत चालल्या. पुतण्यानें दिवाळीपूर्वीं अशी एक पांच कोरींची मिळविली, विक्रेत्यानें सांगितलेल्या किंमतीच्या अगदीं लहानशा हिश्श्यांत, आणि ओव्यास घेऊन आला.

ती रुपयाहून मोठी आहे. आजोबांच्या खळग्यांत मावली नाहीं. सुतार बोलावून खळगा रुंद करावा काय, अशी सूचना निघाली, ती काकांनीं हातानेंच झटकली. कोरी सध्यां खालच्या कप्प्यांत कापसावर ठेवली आहे. वर रिकाम्या खळग्याखालीं आजोबांच्या अक्षरांत 'एडवर्ड ८ वा, १९३६' एवढेंच होतें. पुतण्याच्या मुलीनें त्यापुढें पेन्सिलीनें 'रुपया निघाला नाहीं' असें लिहिलें आहे.