पावसाआधीचे तीन महिने: गोव्याच्या उन्हाळ्यातील तिथी, तारखा आणि गमतीजमती

उन्हाळ्याचे महिने कोणते, असा प्रश्न विचारला तर उत्तर कोणाला विचारता यावर अवलंबून राहते. इंग्रजी पाठ्यपुस्तकातला ‘समर’ जून, जुलै आणि ऑगस्टचा. आपल्या पंचांगातला ग्रीष्म ऋतू ज्येष्ठ आणि आषाढाचा. चैत्र-वैशाख हे तर वसंताचे महिने. पेडण्यातल्या किंवा डिचोलीतल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, तो मात्र मार्च, एप्रिल आणि मे हेच महिने सांगेल. आषाढात गोव्यात ऊन नव्हे, छत्री शोधावी लागते.

तिघांच्या उत्तरांतील या फरकामागे भूगोल आहे. युरोप कर्कवृत्ताच्या बराच उत्तरेला असल्यामुळे तेथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. २१ जूनला तो जास्तीत जास्त उंच जातो आणि त्यानंतरचे महिने तेथे उबदार ठरतात. गोवा मात्र विषुववृत्तापासून सुमारे साडेपंधरा अंश उत्तरेला आहे. कर्कवृत्ताकडे निघालेला सूर्य मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, साधारण ३ तारखेच्या आसपास, आपल्या माथ्यावरून जातो. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास अंगणात एखादी काठी सरळ उभी करून पाहावी. तिची सावली क्षणभर नाहीशी होते. यालाच ‘शून्य सावली’चा दिवस म्हणतात. परतीच्या वाटेवरचा सूर्य ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा माथ्यावर येतो. पण तेव्हा आभाळ भरलेले असल्याने त्याची दखल क्वचितच कोणी घेतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात गोव्यातला मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला नव्हे, तर किंचित उत्तरेला असतो, ही गोष्टही अनेकांच्या ध्यानात येत नाही.

म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा दिवस, २१ जून, आपल्याकडे पावसात जातो. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. गोव्याच्या उन्हाळ्याचे सगळे वेळापत्रक या एका गोष्टीने ठरवले आहे. येथला उन्हाळा हा मुळात पावसाच्या तयारीचा काळ आहे. त्यातले सण, बाजार, जत्रा, फार काय लढायासुद्धा पहिल्या सरीच्या आत उरकायच्या, असा शतकानुशतकांचा रिवाज दिसतो.

पुरुमेत: एका शब्दाचा इतिहास

पावसाळ्यासाठी घरात करून ठेवायच्या बेगमीला गोव्यात ‘पुरुमेत’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’वरून, म्हणजे साठा किंवा तरतूद या अर्थाच्या शब्दावरून आला. शब्द परका असला तरी व्यवहार जुनाच. नद्या-ओहोळांना पूर आला की गावाचा बाजाराशी संबंध तुटे आणि समुद्र खवळला की मासळी बंद होई. म्हणून मे अखेरीपर्यंत सुके बांगडे, सुंगटे, गालमो, भिरंडाची सोले, चिंच, मिरची, मीठ, पापड, फणसाच्या आठळ्या आणि उकडे तांदूळ घरात येऊन पडले पाहिजेत, असा दंडक होता. याच दिवसांत घरावरची कौले परतली जात, विहिरी उपसल्या जात आणि खाजन शेतीचे बांध व मानशी दुरुस्त केल्या जात. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि मडगावातली पुरुमेताची फेरी यांची गर्दी आजही या सवयीची साक्ष देते.

या बेगमीत पेडण्याचा वाटा मोठा आहे. हरमल परिसरातल्या मिरचीला तिच्या रंगामुळे आणि चवीमुळे पूर्वापार मागणी असून २०२१ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. शापोरा नदीकाठच्या आगरवाडा या गावाचे तर नावच मिठाच्या आगरांवरून पडले. भरतीचे खारे पाणी वाफ्यांत घ्यायचे, ते उन्हाने आटवायचे आणि उरलेले मीठ ओढून काढायचे, ही पद्धत साधी दिसते. पण तिला कोरडे आभाळ लागते. मे महिन्यात अवकाळी पावसाची एक मोठी सर आली तरी वाफ्यातले मीठ विरघळून मिठागरवाल्याचे अनेक दिवसांचे कष्ट पाण्यात जातात. उन्हाळा संपण्याची तारीख त्याच्यासाठी उत्पन्नाची तारीख असते.

बेगमी न करता पावसाळा गाठला तर काय होते, याचा धडा खुद्द आफोन्सो द आल्बुकेर्कला मिळाला होता. १५१० सालच्या आरंभी त्याने गोवा शहर घेतले, परंतु मे महिन्यात आदिलशाही फौजेने ते परत जिंकले. पोर्तुगीज आपल्या जहाजांवर चढले खरे. पण तोवर पावसाळी वारे सुरू झाले होते आणि मांडवीच्या मुखातून बाहेर पडणे अशक्य झाले होते. ऑगस्टपर्यंत हे आरमार नदीतच अडकून पडले आणि माणसांची अन्नान्न दशा झाली. पुढे पावसाळा सरल्यावर, २५ नोव्हेंबर रोजी, त्याने शहर पुन्हा घेतले. हापूस आंब्याचे नाव याच आफोन्सोवरून पडले, असे मानले जाते.

मानकुराद आणि बोंडू

आंब्याचा विषय निघाला की गोमंतकीय माणूस हापूसपाशी थांबत नाही. त्याचा मान मानकुरादला. गंमत अशी, की या नावाचे मूळ ‘माल्कोरादु’ म्हणजे ‘फिकट, नीट रंग न चढलेला’ या पोर्तुगीज शब्दात सांगितले जाते. ज्याच्या रंगाला नावे ठेवली गेली, त्याच फळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानकुरादच्याही मागे पाऊस लागलेला असतो. पहिल्या सरींनंतर फळात कीड पडू लागते, म्हणून आंबा उतरवण्याची घाई मे महिन्यातच चालते.

काजू तर मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो भारतात आणला आणि पेडणे, डिचोली, सत्तरीच्या डोंगरउतारांवर तो असा रुजला, की आता तो परका वाटत नाही. मार्च ते मे या काळात बागायतीत बोंडूंचा वास दरवळतो. पिकून गळालेले बोंडू गोळा करायचे, तुडवून किंवा दाबून रस काढायचा, तो आंबवून भट्टीवर चढवायचा. पहिल्या वाफेचा हुर्राक, त्यानंतरची फेणी. फेणी वर्षानुवर्षे टिकते. हुर्राक मात्र हंगामापुरताच. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोहोर धरण्याच्या दिवसांत ढगाळ हवामान राहिले किंवा अवेळी पाऊस झाला, तर बागायतदाराचा वर्षाचा हिशेब कोलमडतो.

वैशाखातली जत्रा

डिचोली तालुक्यात उन्हाळ्याचे धार्मिक वैभव दोन ठिकाणी विशेष दिसते. साखळीच्या चैत्रोत्सवात वीरभद्र नाचतो आणि शिरगावात वैशाख शुद्ध पंचमीला श्री लईराई देवीची जत्रा भरते. या जत्रेची इंग्रजी तारीख दर वर्षी बदलते, याचे कारण चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. अधिक मास धरून हा फरक भरून काढला जातो. त्यामुळे जत्रा कधी एप्रिलच्या उत्तरार्धात येते, तर कधी मे महिन्यात.

व्रतस्थ ‘धोंड’ हातात वेताची काठी घेऊन, तळीवर स्नान करून येतात आणि पहाटेपूर्वी होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. देवीला प्रिय मानला जाणारा मोगरा याच ऋतूतला. भावाला रागाच्या भरात लाथ मारल्याचा पश्चात्ताप म्हणून देवीने अग्निदिव्य केले, अशी आख्यायिका आहे. सात बहिणी आणि त्यांचा भाऊ खेतोबा यांच्या या कथेने तीन तालुके आणि दोन धर्म जोडले आहेत. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, पेडण्यातल्या मोरजीची मोरजाई या त्यातल्या बहिणी. तर म्हापशाची मिराबाई म्हणजेच मिलाग्रीस सायबीण. ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी सोमवारी येणाऱ्या मिलाग्रीसच्या फेस्ताला हिंदू भाविकही तेल वाहण्यासाठी रांगा लावतात.

या जत्रेची आठवण काढताना ३ मे २०२५ ची पहाट विसरता येत नाही. शिरगावात चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. लाखोंच्या श्रद्धेची जत्रा गावच्या अरुंद वाटांवर भरते, तेव्हा गर्दीचे नियोजन हासुद्धा व्रताचाच भाग मानावा लागेल, हे त्या पहाटेने शिकवले.

मे महिना आणि सीमेवरचा इतिहास

पावसाळ्यात फौजा हलत नसत, म्हणून मोहिमांची घाई उन्हाळ्यात होई. मे १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मैदा याने सावंतवाडीकर भोसल्यांचा हळर्ण किल्ला घेतला. पुढे त्याला ‘मार्केझ द आलोर्ना’ हा किताब मिळाला. पोर्तुगालच्या इतिहासात गाजलेल्या एका सरदारघराण्याचे नाव अशा रीतीने पेडण्यातल्या एका खेड्यावरून आले आहे. मात्र, पेडणे कायमचे पोर्तुगीज अंमलाखाली गेले ते १७८८ साली. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षे. ‘नव्या काबिजादी’ हे नाव या मुलखाला त्यामुळेच मिळाले.

विसाव्या शतकातही मे महिन्याने गोव्याला काही तारखा दिल्या. १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींच्या तुकडीने गोव्यात प्रवेश केला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा पत्रादेवीच्या अलीकडे अद्याप पोर्तुगीज राजवट होती. ३० मे १९८७ रोजी गोवा देशाचे पंचविसावे राज्य झाले. दमण आणि दीव केंद्रशासित राहिले. आज पत्रादेवीच्या पलीकडे बांद्यात १ तारखेला आणि अलीकडे पेडण्यात ३० तारखेला, असे एकाच महिन्याच्या दोन टोकांना दोन राज्यांचे स्थापना दिन साजरे होतात.

सुट्टीतूनही इतिहास घडतो, याचे उदाहरण जूनमधले. १९४६ साली डॉ. राममनोहर लोहिया गोव्यात आले ते असोळणे येथे डॉ. जुलियांव मिनेझिस या मित्राकडे विश्रांती घेण्यासाठी. १८ जून रोजी मडगावात भर पावसात सभा झाली आणि विश्रांतीसाठी आलेल्या पाहुण्याच्या नावाने क्रांतिदिनाची नोंद झाली.

सुट्टीचे बदलते गणित

गोव्यातल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांसाठी शाळा आणि पाऊस एकाच आठवड्यात सुरू होत. नव्या दप्तराबरोबर नवी छत्री आलीच. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग ७ एप्रिललाच सुरू झाले. काही पालकांनी उकाड्याचा मुद्दा पुढे करून त्याला विरोधही केला. मे महिन्याची सुट्टी राहिली, तरी आजोळी जाऊन काजू गोळा करण्याचा एप्रिल मात्र शाळेच्या वाट्याला गेला. बोंडूचा वास, करवंदांची जाळी, मिठाचे वाफे हे ज्या वयात पाहायचे, त्या वयातला वेळ आता अधिक जपून वापरावा लागेल.

दुसरीकडे पावसानेही आपली वेळ सांभाळली नाही. मोसमी पाऊस केरळात सर्वसाधारणपणे १ जूनला आणि त्यानंतर आठवडाभरात गोव्यात पोहोचतो. २०२५ साली तो केरळात २४ मे रोजीच दाखल झाला आणि गोव्यातही मे संपण्याआधीच आला. बाजारात पुरुमेताची उलाढाल चालू असतानाच पाऊस येणे ही केवळ हवामानाची बातमी नसते; मिठागर, सुकवलेली मासळी आणि वाळत घातलेली मिरची यांच्यावर ज्यांचे पोट आहे, त्यांच्यासाठी ते नुकसान असते.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद राहते आणि जूनच्या मध्यापर्यंत कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर जाते. २४ जूनला सांजांव येतो. युरोपात हा सेंट जॉनचा सण भर उन्हाळ्याचा मानला जातो. गोव्यात मात्र डोक्यावर फुलांचे कोपेल घालून तरुण तुडुंब भरलेल्या विहिरींत उड्या घेतात. तोवर घरातल्या बरण्या भरलेल्या असाव्यात आणि कौले परतून झालेली असावीत, एवढाच आपल्या वाडवडिलांचा उन्हाळ्याचा हिशेब होता. यंदा अंगणात मिरच्या वाळत असतील, तर मुलांना त्या उलटायला जरूर सांगावे.