सागरी तेलमंचांचे गंजणे व सुस्थिती

समुद्रतळाखालील खनिज तेल व नैसर्गिक वायू काढण्यासाठी उभारलेले पोलादी मंच, त्यांवरील पात्रे व नळ आणि तळावरून जाणाऱ्या वाहिन्या यांचा गंजामुळे होणारा ऱ्हास मर्यादेत ठेवणे व प्रत्येक भाग निर्धोकपणे काम करण्याइतका सक्षम आहे याची वेळोवेळी खात्री करून घेणे, यास गंज-नियंत्रण व सुस्थिती-व्यवस्थापन म्हणतात. गंज पूर्णपणे थांबविता येत नाही. त्यामुळे धातूची किती जाडी उरली आहे व ती किती वर्षे पुरेल, हाच येथे खरा प्रश्न असतो.

समुद्राच्या एक किग्रॅ. पाण्यात सु. ३५ ग्रॅ. लवणे असतात. त्यामुळे ते विजेचे चांगले संवाहक असते आणि गंजण्याची विद्युत् रासायनिक विक्रिया त्यात सहज घडते. तथापि एकाच खांबावर गंजाचा वेग सर्वत्र सारखा नसतो. सतत पाण्याखाली असलेले असंरक्षित पोलाद वर्षाला साधारणपणे ०·१ मिमी. झिजते. याउलट भरतीच्या रेषेच्या वर, जेथे लाटांचे तुषार उडतात, तेथे ही झीज तिच्या कित्येक पट असू शकते. या ‘तुषार पट्ट्या’तील पोलादावर पाण्याचा पातळ थर असतो, त्यास हवेतील ऑक्सिजन मुबलक मिळतो आणि लाटा गंजाचा थर धुऊन काढून ताजा धातू उघडा पाडतात. दुर्दैवाने तळवाहिनीतील तेल किंवा वायू मंचावर चढविणारा उभा नळ (रायझर) याच पट्ट्यातून जातो. उत्तर समुद्रातील नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्रात ‘अल्फा’ मंचावरील असा नळ १ नोव्हेंबर १९७५ रोजी फुटून आग लागली. तुषार पट्ट्यातील अपुऱ्या संरक्षणामुळे तो वेगाने गंजला होता. मंच सोडताना तीन कामगार मृत्युमुखी पडले.

पाण्याखालील भागासाठी ऋणाग्र संरक्षणाची पद्धत वापरतात. पोलादाला ॲल्युमिनियमाच्या किंवा जस्ताच्या मिश्रधातूचे ठोकळे जोडले की, ठोकळा धनाग्र बनून झिजतो व पोलाद ऋणाग्र होऊन वाचते. सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइड अग्राच्या तुलनेने पोलादाचे वर्चस् –०·८ व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण असेल, तर संरक्षण पुरेसे मानतात. फार ऋण वर्चस् मात्र घातक ठरते, कारण त्यामुळे निर्माण होणारा हायड्रोजन उच्चबल पोलादास ठिसूळ करतो. या पद्धतीचा उगम जुना आहे. १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी ब्रिटिश युद्धनौकांच्या तांब्याच्या आवरणास जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबे वाचले, परंतु त्याची विषारी लवणे पाण्यात मिसळेनाशी झाल्याने आवरणावर शिंपले व शेवाळ वाढले आणि नौका मंदावल्या! तुषार पट्ट्यात मात्र ही पद्धत निरुपयोगी आहे, कारण तेथे धनाग्रापासून पोलादापर्यंत पाण्याचा अखंड मार्ग नसतो. म्हणून तेथे जाड रबराचे किंवा निकेल–तांबे मिश्रधातूचे वेष्टन घालतात आणि झिजेसाठी जादा जाडी आधीच ठेवतात.

नळाच्या आतील गंज डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो अधिक फसवा असतो. विहिरीतील कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात विरघळून कार्बॉनिक अम्ल बनते व त्यामुळे पोलादाला खळगे पडतात. हायड्रोजन सल्फाइडामुळे तर फारशी झीज न होताही कठीण पोलादाला प्रतिबलाखाली एकाएकी भेगा जातात. तेलथरातील दाब टिकविण्यासाठी समुद्राचे पाणी आत सोडले जाते. ते प्रथम ऑक्सिजनरहित करावे लागते, परंतु त्यातील सल्फेटावर जगणारे सूक्ष्मजंतू कालांतराने गोड तेलथरातही हायड्रोजन सल्फाइड निर्माण करतात. यावर उपाय म्हणून गंजरोधक व जंतुनाशक द्रव्ये सोडतात आणि तळाशी साचलेले पाणी काढण्यासाठी वाहिनीतून ‘पिग’ हे साधन पाठवितात. काही पिगांवर भित्तीची जाडी मोजणारी उपकरणे असतात.

मंचावरील नळांची जाडी श्राव्यातीत ध्वनीने बाहेरून मोजता येते. उदा., १२ मिमी. जाडीची भित्ती वर्षाला ०·४ मिमी. झिजत असेल व दाब सोसण्यास ८ मिमी. आवश्यक असतील, तर दहा वर्षे उरतात. अशा वेळी पुढील तपासणी निदान निम्म्या काळात, म्हणजे पाच वर्षांच्या आत करतात. हा हिशेब एकसारख्या झिजेलाच लागू पडतो. खळगा दोन मोजबिंदूंच्या मध्ये पडला, तर तो निसटतो. उष्णतारोधक वेष्टनाखाली मुरलेल्या पाण्याने होणारा गंजही असाच दडून राहतो. म्हणून सर्वत्र सारखी मोजणी करण्याऐवजी बिघाडाची शक्यता व त्याचे परिणाम यांचा एकत्रित विचार करून तपासणीच्या जागा ठरविण्याकडे आता कल आहे.

मुंबईच्या पश्चिमेस सु. १६० किमी. अंतरावरील ‘मुंबई हाय’ क्षेत्रात १९७४ मध्ये तेल सापडले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. २७ जुलै २००५ रोजी तेथे एका साहाय्यक जहाजाची मंचाच्या उभ्या नळाशी टक्कर होऊन वायूने पेट घेतला. यात मंच नष्ट झाला व २२ जणांचा बळी गेला. याचे कारण गंज नव्हते; पण एक नळ निकामी झाल्यास काय ओढवते, ते त्यावरून दिसले. या क्षेत्रातील अनेक मंच त्यांच्या मूळ अपेक्षित आयुष्याहून अधिक काळ वापरात आहेत. असे मंच पुढे वापरण्यापूर्वी पाणबुडे सांध्यांवरील शिंपले खरवडून भेगांची तपासणी करतात, झिजलेल्या ठोकळ्यांजागी नवे बसवितात आणि उरलेल्या जाडीच्या आधारे लाटांचा भार सोसण्याची क्षमता नव्याने काढली जाते.