कॉम्प्युटर तापतो, पंखा ओरडतो

चांदवडहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज कर्जाचा विषय नाही, पापड-कुरडयांचाही नाही. आज घरातल्या कॉम्प्युटरविषयी बोलायचं आहे. तो तापतो का, त्याचा पंखा एवढा घोंगावतो का, आणि थोडक्या पैशात त्याला थंड आणि गप्प कसं ठेवायचं, हे आम्ही धडपडत शिकलो. तेच सांगतो.

आमच्या गटाचा कॉम्प्युटर सचिवताईंच्या घरी असतो. वापरलेलाच घेतला होता. दिवस कांद्याच्या कामात जातो, म्हणून ताई रात्री जेवणं उरकली की हिशेब भरायला बसतात. गेल्या उन्हाळ्यात पंखा असा सुरू झाला, की जणू घरात पिठाची गिरणी. सासूबाईंना झोप लागेना, लेकीला अभ्यास सुचेना. वर तो मधूनच आपोआप बंद पडायचा आणि भरलेला हिशेब जायचा. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "ते डबडं न्या बाई दुसऱ्या कुणाकडे." दुरुस्तीला दाखवला, तर उत्तर मिळालं, "जुना झालाय, नवा घ्या. पंचवीस-तीस हजार धरून चाला."

पैशाची काळजी होतीच, पण तिच्याहून मोठी काळजी दुसरी होती. पूर्वी आमचा हिशेब बाहेरचा माणूस लिहायचा. वही त्याच्याकडे, आकडे त्याच्याकडे, आम्ही फक्त सहीच्या धनी. १९८६ च्या नोव्हेंबरात याच चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं होतं. बाईच्या कष्टाचा आणि हक्काचा प्रश्न तेव्हा इथं उघड मांडला गेला. आणि आम्ही एका पंख्याच्या आवाजापायी आपला हिशेब पुन्हा दुसऱ्याच्या हाती द्यायचा? म्हणून आधी समजून घ्यायचं ठरवलं.

आवाज येतो कुठून?

कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. साधं लिहिण्या-वाचण्याचं काम चालू असलं, तरी जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या दिव्याइतकी उष्णता सहज निघते. तो दिवा बंद डब्यात ठेवला तर काय होईल, तेच इथं होतं. सगळ्यात जास्त तापतो तो प्रोसेसर. त्याच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा असतो, त्याला हीट सिंक म्हणतात. ठोकळ्यावर पंखा असतो. ठोकळा उष्णता शोषतो, पंखा ती उडवून लावतो. तापमान वाढलं की कॉम्प्युटर स्वतःच पंख्याचा वेग वाढवतो. तरी भागलं नाही तर काम हळू करतो आणि शेवटी जीव वाचवायला बंद पडतो.

म्हणजे पंखा बिघडलेला नसतो. आत हवा खेळत नाही, म्हणून तो ओरडत असतो.

हे ऐकलं आणि आम्हाला कांद्याची चाळ आठवली. चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचलून का बांधतो? खालून गार हवा शिरावी, कांद्यातून वर जावी आणि ऊब घेऊन बाहेर पडावी म्हणून. फटी बुजल्या की कांदा उबतो आणि सडतो. कॉम्प्युटरचा डबाही तसाच आहे. बहुतेक डब्यांत हवा पुढून किंवा बाजूने आत येते आणि मागून बाहेर जाते. या दोन वाटा मोकळ्या हव्यात.

आधी फुकटचे उपाय

पहिला, जागा बदला. आमचा कॉम्प्युटर लोखंडी कपाटाच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून होता. मागून निघालेली गरम हवा भिंतीला आपटून परत आत जायची. आम्ही तो वीतभर पुढे ओढला, खिडकीतलं ऊन लागणार नाही असा ठेवला आणि जमिनीवरून उचलून लाकडी पाटावर मांडला. केर काढताना उडणारी धूळ जमिनीलगतच जास्त असते.

दुसरा, वरचा विणलेला रुमाल काढा. हौसेनं घातलेलं झाकण चालू कॉम्प्युटरवर कधीच नको. बंद करून तो गार झाला, की मग धूळ बसू नये म्हणून खुशाल झाका.

तिसरा, दसऱ्याला त्याची पूजा जरूर करा, पण हळद-कुंकू जाळीवर वाहू नका. आमच्या पंख्याच्या पात्यांवर चक्क कुंकू सापडलं.

चौथा, आवाजाचा. लोखंडी टेबलावर डबा थरथरला की टेबलही वाजतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे डब्याच्या चार कोपऱ्यांखाली ठेवा. फक्त खालची जाळी झाकली जाणार नाही हे बघा.

पाचवा, कॉम्प्युटरलाच जरा सबुरीनं चालायला सांगा. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, मग पॉवर ऑप्शन्स, तिथं ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' अशी ओळ असते. तिथल्या १०० चे ९९ केले, तरी बऱ्याच कॉम्प्युटरची उगाच उसळी मारण्याची सवय थांबते. ती ओळ सापडली नाही तर 'पॉवर सेव्हर' निवडा. हिशेबाच्या कामात फरक जाणवतही नाही.

मग साफसफाई

डबा उघडला तेव्हा हीट सिंकच्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. धूळ, कांद्याचा पापुद्रा आणि केस यांची गादीच बसली होती. ती अशी काढली: कॉम्प्युटर बंद केला, वायर बोर्डातून काढली, थोडा वेळ थांबलो. आत हात घालण्याआधी डब्याच्या लोखंडी भागाला हात लावला, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. रंगाच्या नव्या, कोरड्या, मऊ ब्रशनं धूळ झाडली. झाडताना पंखा बोटानं धरून ठेवला, तो गरगर फिरू द्यायचा नाही. हे काम पडवीत करा, घरात नको.

ओलं फडकं लावू नका. तोंडानं फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. आणि जिथं विजेची वायर येऊन लागते तो पॉवर सप्लायचा चौकोनी डबा स्वतः कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

शेवटी थोडा खर्च

प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. वाकडा तवा शेगडीवर ठेवला तर मधल्या पोकळीमुळे नीट तापत नाही ना? तशी बारीक पोकळी ही पेस्ट भरते. काही वर्षांत ती सुकते. नवी पेस्ट लहान वाटाण्याएवढी पुरे. हे काम आम्ही माहितगाराकडून करून घेतलं, पण शेजारी उभं राहून सगळं बघितलं.

डब्याच्या मागे ८० मिलिमीटरचा छोटा पंखा होता. तिथं १२० मिलिमीटरच्या पंख्याचीही जागा होती. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा ओढतो आणि हळू फिरला की आवाज कमी. तो बसवताना हवा बाहेर फेकली जाते ना, हे कागदाचा कपटा जवळ धरून पाहा.

ब्रश ४०, पेस्ट १५०, पंखा ४५०, मजुरी २००. एकूण ८४० रुपये. आम्ही अठरा जणी, म्हणजे प्रत्येकी ४७ रुपयेही नाहीत.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. पंखा खोलीच्या हवेपेक्षा जास्त गार करू शकत नाही. खोलीत ३८ अंश असेल तर आत त्याहून जास्तच राहणार. म्हणून मे महिन्यात जड काम सकाळी उरका. पाण्याच्या कूलरचा झोत कॉम्प्युटरवर सोडू नका, दमट हवेनं आतले भाग गंजतात. लॅपटॉप असेल तर गोधडीवर किंवा मांडीवर नको, पाटावर ठेवा आणि मागच्या बाजूला दोन खोडरबरं लावून उंच करा.

तापमान दाखवणारी फुकट प्रोग्रॅम्स मिळतात. काम चालू असताना प्रोसेसर ६० ते ७५ अंशांत असला तर काळजी नाही. वारंवार ९० च्या वर जात असेल तर डबा उघडायची वेळ झाली समजा. आमचा आधी ९५ ला जायचा, आता भर दुपारीही सत्तरच्या आसपास असतो.

परवा रात्री ताई हिशेब भरत होत्या. सासूबाई आतून म्हणाल्या, "आज ते यंत्र लावलं नाही का गं?" ताई म्हणाल्या, "तासभर झाला, चालूच आहे."

तुमच्या गटात कॉम्प्युटर असेल तर नव्याचा विचार करण्याआधी एवढंच करा. तो चालू असताना मागच्या जाळीपाशी हात धरा. गरम वारा हाताला नीट लागतोय का? लागत नसेल, तर वाट कुठं अडली ती शोधा. आणि ब्रश हातात घेण्याआधी हिशेबाची एक नक्कल पेनड्राइव्हवर काढून ठेवा. हिशेब आपला आहे, तो आपल्याच हाती राहू द्या.