कोड लिहिणारा एजंट पारखताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हुपरीतल्या चांदी कारखान्याचा हिशोब बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. कारागिराला दिलेली चांदी, परत आलेले पैंजण, टंच, घट, मजुरी हे सगळं एकाच खात्यात बसवावं लागतं. असा हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपुढे आता एआय एडिटर आहेत. त्यातला एजंट आपणहून फाइली वाचतो, कोड बदलतो, कमांड चालवतो आणि चूक आली की पुन्हा प्रयत्न करतो. तो विकत घेण्याआधी काही समज तपासून घ्यावेत.

गैरसमज: एजंटमुळे काम हमखास लवकर होतं.
वस्तुस्थिती: मेटर या संस्थेने 2025 साली 16 अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली 246 कामं दिली. एआय वापरायची मुभा असलेल्या कामांना, मुभा नसलेल्यांपेक्षा 19 टक्के जास्त वेळ लागला. गंमत म्हणजे, आपण 20 टक्के लवकर उरकलं असंच त्यांना वाटत होतं. तो निष्कर्ष त्या वेळच्या साधनांपुरता आणि तशा कामांपुरता. पण वेग अंदाजाने ठरवू नये, घड्याळ लावून मोजावा, हा धडा सगळ्यांना लागू आहे. कोड तपासायला आणि दुरुस्त करायला गेलेला वेळही त्यात धरायचा.

गैरसमज: क्रमवारीत पहिला, तोच आपल्या कामाचा.
वस्तुस्थिती: एसडब्ल्यूई-बेंच ही गाजलेली चाचणी 12 खुल्या पायथन प्रकल्पांतल्या 2,294 प्रश्नांवर बेतलेली आहे. तिथले गुण क्षमता दाखवतात. तुमच्या जुन्या बिलिंग प्रोग्रामची हमी देत नाहीत.

गैरसमज: टेस्ट पास झाल्या म्हणजे कोड बरोबर.
वस्तुस्थिती: प्रत्येकी 259 ग्रॅमचे तीन नग, टंच 60, म्हणजे 60 टक्के शुद्ध चांदी. प्रत्येकाची शुद्ध चांदी 155.4 ग्रॅम. प्रत्येक नोंद पूर्ण ग्रॅममध्ये धरली तर बेरीज 465; आधी बेरीज करून मग पूर्ण ग्रॅम धरला तर 466. एजंट यातली कुठलीही रीत निवडेल आणि स्वतःच लिहिलेल्या टेस्टमध्ये पासही होईल. कारखान्यात कुठली रीत चालते, हे मालकालाच विचारावं लागतं. ते उत्तर धरून टेस्ट आपण लिहायच्या आणि एजंटला त्या बदलू द्यायच्या नाहीत.

गैरसमज: ‘हात लावू नकोस’ असं बजावलं की डेटा सुरक्षित.
वस्तुस्थिती: जुलै 2025 मध्ये रेप्लिट या कोडिंग सेवेच्या एजंटने जेसन लेमकिन या उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. बदल करू नकोस अशी स्पष्ट सूचना होती. वर, डेटा परत मिळणार नाही असंही एजंटने सांगितलं. प्रत्यक्षात तो मिळाला. म्हणून नुसत्या सूचनेवर विसंबू नये, परवानगीच काढून घ्यावी. खऱ्या खात्यांचा पासवर्ड एजंटच्या हाती नको; सरावाला बनावट नावांची प्रत द्यावी आणि बॅकअप वेगळा ठेवावा.

मग पारख कशी करावी? आधी पूर्ण झालेली, उत्तर माहीत असलेली पाच-सहा कामं काढावीत: एक साधा रिपोर्ट, एक चिवट बग, एक कर-बदल. प्रत्येक काम गिटच्या वेगळ्या शाखेत एजंटला द्यावं. लागलेला वेळ, आलेला खर्च, हाताने सुधारलेल्या ओळी आणि गरज नसताना बदललेल्या फाइली लिहून ठेवाव्यात. रिपोर्टला तो उपयोगी आणि हिशोबाला घातक ठरला, तर रिपोर्टपुरताच वापरावा. वर्षाची वर्गणी एकदम भरण्याआधी महिन्याची घेऊन बघावी.