चारशेचे सत्तर

तीव्र मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग. त्यावरच्या व्हेनेटोक्लॅक्सचा नेहमीचा पूर्ण डोस दिवसाला ४०० मिलिग्रॅम. मात्र बुरशीचा संसर्ग टाळण्यासाठी पोसाकोनाझोल चालू असेल, तर तो ७० मिलिग्रॅमवर आणतात. एवढ्याशा औषधाने काय होणार, अशी धास्ती घरच्यांना वाटते.

खरे तर शरीरात पोचणारे औषध कमी होत नाही. यकृतात आणि आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचे विकर असते. अनेक औषधे मोडून त्यांचा निचरा करणे हे त्याचे काम. पोसाकोनाझोल या विकरालाच अडवते, त्यामुळे व्हेनेटोक्लॅक्स रक्तात साचत जाते. अभ्यासात पोसाकोनाझोलसोबत घेतलेल्या ५० मिलिग्रॅमचा रक्तातला भार एकट्या ४०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त भरला. डोस तसाच ठेवला तर पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात.

मग चारशेचे सत्तर करायचे कसे? सुरीने नव्हे. व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या १०, ५० आणि १०० मिलिग्रॅमच्या मिळतात. पन्नासची एक आणि दहाच्या दोन घेतल्या की हिशेब जुळतो. ही गोळी तोडू, चावू किंवा कुटू नये, अशी उत्पादकाची स्पष्ट सूचना आहे. हाताने केलेले तुकडे क्वचितच सारखे होतात. कर्करोगाच्या अनेक औषधांची पूड तर हाताळणाऱ्यालाही घातक ठरू शकते. घरात गर्भवती किंवा लहान मूल असेल तर अधिकच.

पोसाकोनाझोल बंद झाल्यावर दोन-तीन दिवसांनी डोस पुन्हा वाढवावा लागतो, हे विसरून चालत नाही. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन याच्या नेमके उलट वागते. ते विकराचे प्रमाण वाढवते, औषध झपाट्याने मोडले जाते आणि उपचार लंगडा पडतो. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच कुळातले आपले पपनस यांतले काही घटकही हे विकर अडवू शकतात. म्हणून आहारातल्या फळांचीही चौकशी होते.

गोळ्या महाग असल्याने कमी डोस म्हणजे बचत, असा मोह होणे स्वाभाविक आहे. पण ७० हा आकडा पोसाकोनाझोलपुरताच. दुसऱ्या औषधासोबत तो बदलतो. तेव्हा तपासणीला जाताना घरातली सगळी औषधे, काढे आणि चूर्णेसुद्धा, पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांना दाखवा. डोस त्यांनाच ठरवू द्या.