सायकल एकाची, तयारी घरादाराची

मैत्रिणींनो, समजा, एखाद्या संध्याकाळी तुमचे ‘हे’ कामावरून घरी आले, हातपाय धुऊन पानावर बसले आणि पहिला घास घेता घेता म्हणाले, “मी अमेरिकेला जायचं म्हणतोय. सायकल चालवायला. आदिवासींच्या डोळ्यांच्या कामाला त्यातून मदत मिळेल.” खरं सांगा, तव्यावरची भाकरी करपेल की नाही?

हसण्यावारी नेऊ नका. असे बेत होतात, आणि पारही पडतात. त्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या शेजारच्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ, एक भूलतज्ज्ञ आणि दुसरे दातांचे डॉक्टर, जून २०१५ मध्ये अमेरिकेत ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत उतरले. पोटापाण्याचा धंदा दवाखान्याचा, सायकल केवळ हौसेची! संघाचे नाव ठेवले ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’, म्हणजे आदिवासींना दृष्टी. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्वेकडच्या ॲनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर अंतर त्यांनी ८ दिवस, १४ तास आणि ५५ मिनिटांत तोडले. ही शर्यत पूर्ण करणारा हा पहिला भारतीय संघ.

आकडे ऐकून आपल्याला काही उमजत नाही, म्हणून आपल्या भाषेत सांगते. जळगावहून एरंडोल, पारोळा करीत धुळे गाठायचे म्हणजे ९०-९५ किलोमीटर. तेवढे अंतर पन्नास वेळा! आणि तेही प्रत्येक वेळी चार-सव्वाचार तासांत, रात्र नाही की दिवस नाही. दोघांपैकी एक सायकलवर, दुसरा गाडीत पाठ टेकलेला. आळीपाळीने हेच, साडेआठ दिवसांहून अधिक. दोघांच्या संघाला मुदत असते ९ दिवसांची, एकट्याला १२.

बरे, रस्ता काही सरळ नाही. सुरुवातीलाच वाळवंट. मे महिन्यातल्या भुसावळ-जळगावच्या उन्हाची आठवण व्हावी असे! मग कोलोरॅडोतले डोंगर. तिथला वुल्फ क्रीक घाट ३,३०० मीटर उंच, रात्री हुडहुडी भरते. वाटेतले सगळे चढ एकावर एक रचले तर एव्हरेस्टच्या पाचपटीहून जास्त उंची भरते म्हणे.

आता तुमच्या-माझ्या विषयाकडे येऊ. वर्तमानपत्रात फोटो छापून येतो तो सायकलवाल्याचा. पण त्याच्या मागे गाडीतून येणारे पथक असते. कुणी गाडी हाकतो, कुणी नकाशा बघतो, कुणी सायकलचे पंक्चर काढतो, कुणी खायला करतो, कुणी पाय चोळतो. रात्री तर मागच्या गाडीच्या उजेडातच सायकल चालवावी लागते, तसा नियमच आहे. एकट्याने शर्यत करणाऱ्याला दिवसाला ८,००० उष्मांक तरी लागतात. आपल्या रावेर-यावलचे एक केळे साधारण १०० उष्मांकांचे धरा. म्हणजे दिवसाला ऐंशी केळी! एवढे कुणाच्या घशाखाली उतरणार? म्हणून थोडे थोडे, पातळ, दर थोड्या वेळाने, ‘नको नको’ म्हणत असतानाही भरवावे लागते. तापातल्या मुलाला पेज पाजणाऱ्या आईला हे काम नव्याने शिकवावे लागणार नाही. नुसते पाणी देऊन भागत नाही, घामावाटे गेलेले मीठही भरून काढावे लागते. मान इतकी थकते की कित्येकांना ती वर उचलता येत नाही. झोप न मिळाल्याने माणूस चिडतो, बरळतो. त्या वेळी ‘आता उतर आणि तासभर झोप’ असे दरडावून सांगणारे कुणीतरी हवे.

नवी मुंबईचे वकील कबीर राचुरे यांनी २०१९ मध्ये ही शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हा त्यांच्या पथकाची प्रमुख होती त्यांची बहीण सपना. सायकल भावाने चालवली, पण मोहीम बहिणीने चालवली असेच म्हणायला हवे!

तरीही काळजी वाटणारच. वाटायलाच हवी. २००५ साली याच शर्यतीत एका अमेरिकन डॉक्टरचा वाहनाच्या धडकेत जीव गेला. आणि सगळ्यांनाच यश येते असेही नाही. नाशिकचेच लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांना २०१६ मध्ये शर्यत मध्येच सोडावी लागली. दुसऱ्या वर्षी, २०१७ मध्ये, ते पुन्हा गेले आणि एकट्याने ती पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी थोड्या वेळाच्या अंतराने नागपूरचे डॉ. अमित समर्थही पोहोचले. म्हणजे मध्येच परत यावे लागले तर त्यात लाज नाही, हे घरच्यांनी आधीच सांगून ठेवावे. ‘लोक काय म्हणतील’ या धाकापायी माणूस जिवावर बेतेपर्यंत पायडल मारत राहतो.

आता तुम्ही एक रोकडा सवाल विचाराल. अहो, विमानाची तिकिटे, गाड्या, पथकाचा खर्च मिळून लाखांच्या घरात जातो. तोच पैसा सरळ आदिवासींना का देऊ नये? प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू. शस्त्रक्रिया अर्ध्या तासाच्या आतली. पण चोपडा किंवा शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पाड्यावर बसलेल्या म्हातारीला दवाखान्यापर्यंत आणायचे कुणी? ‘वय झालं, आता दिसायचं नाहीच’ म्हणून ती गप्प बसते, आणि तिचे घरही. कुणी तिच्यासाठी अमेरिकेत सायकल मारतो, तेव्हा चार लोक विचारतात, “कशासाठी?” त्या ‘कशासाठी’तून पुढची मदत उभी राहू शकते. मात्र ती खरोखर उभी राहिली तरच खटाटोप सार्थकी लागला. नाहीतर हौसेला दानाचे अस्तर लावल्यासारखे!

म्हणून घरात असा बेत निघाला किंवा कुणी वर्गणी मागायला दारी आले, तर भांडू नका, पण विचारा. प्रवासाचा खर्च आणि मदतीचा पैसा वेगवेगळा ठेवला आहे ना? पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातात की कुणाच्या हाती? पावती मिळते का? संस्थेने आधी काय काम केले आहे? नंतर हिशोब दाखवणार कधी? किराण्याच्या यादीवरून नजर फिरवणाऱ्या बाईला यात अवघड काय आहे?

घरासाठीही दोन-चार गोष्टी. छातीची आणि रक्तदाबाची तपासणी डॉक्टरकडून करून घ्या. परदेशात उपयोगी पडेल असा विमा उतरवा. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंची औषधे, बँकेची कागदपत्रे कोण बघणार ते आधी ठरवा. आणि उडी एकदम अमेरिकेवर नको! आपल्याकडे २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ होतात. त्यात नंबर नसतो, फक्त मुदत पाळायची. २०० किलोमीटरला साडेतेरा तास. म्हणजे जळगावहून धुळ्याला जाऊन परत यायचे, वर थोडेसे. हे ज्याला हसतखेळत जमेल त्याने पुढची स्वप्ने बघावीत.

आणि हे सगळे ‘ह्यां’च्याबद्दलच कशाला? पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाली, तेव्हा जेमतेम विशीत होती. १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर! कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटले, तरी पोरीने प्रदक्षिणा पुरी केली. उद्या तुमची शाळेत सायकलने जाणारी लेक असेच काही बोलली, तर तिला एकदम गप्प करू नका. वर दिलेले सारे प्रश्न तिलाही विचारा, तिच्याकडून पक्की उत्तरे घ्या. उत्तरे पटली तर ब्रेव्हेच्या पहाटे चारला उठून तिचा डबा भरून द्या. डब्यात दोन केळी जास्त ठेवा.